रुमाल टाकून धरलेली जागा

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत महाराष्ट्रात कोणाला शिकवावी लागत नाही. रुमाल म्हणजे माणूस नव्हे हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असते, तरी माणूस वर चढेपर्यंत त्या सीटवर रुमालाचाच हक्क चालतो. दुसऱ्याची जागा काही काळ सांभाळणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांतल्या दोन जुन्या शब्दांचा मूळ अर्थ अगदी हाच आहे: जागा धरून असणारा. पहिला शब्द लॅटिन, ‘लोकम टेनेन्स’. डॉक्टर रजेवर गेला की त्याचा दवाखाना चालवायला येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला ब्रिटनमध्ये ‘लोकम’ म्हणतात, तो याच जोडशब्दाचा पूर्वार्ध. दुसरा फ्रेंचमधून आलेला, ‘लेफ्टनंट’. त्यातला ‘ल्यू’ म्हणजे जागा, हा लॅटिन ‘लोकुस’चाच वंशज, आणि ‘टेनंट’ म्हणजे धरणारा. घरमालक ज्याला भाडेकरू म्हणून ठेवतो तो ‘टेनंट’ही त्याच धातूचा. म्हणजे लोकम आणि लेफ्टनंट ही सख्खी भावंडे. तरी आज त्यांतला एक पंधरा दिवसांचा पाहुणा आहे आणि दुसरा सैन्यातला पक्का हुद्दा, खांद्यावर तारे मिरवणारा, स्वतःच्या पगारपेन्शनचा धनी. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक रुमालच राहिला आणि एक प्रवासी होऊन बसला. असे का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तात्पुरतेपणा शब्दाच्या अर्थात कधीच सुरक्षित नसतो. ज्याची जागा धरली त्याचे नाव शब्दाशेजारी उभे असेल तोवरच तो टिकतो, आणि ते नाव कधी पुसायचे हे व्याकरणापेक्षा माणसांच्या सोयीने ठरते.

आधी इंग्रजीचे हे भांडार किती बारकाईने वाटलेले आहे ते पाहू, कारण मराठी माणूस कचेरीतल्या ईमेलमध्ये नेमका इथेच अडखळतो. मराठीत ‘त्याच्या जागी’, ‘त्याच्याऐवजी’, ‘बदली’ एवढ्यावर बहुतेक काम भागते. इंग्रजीचा अस्सल देशी शब्द ‘स्टेड’ हाही मुळात जागाच; ‘इन्स्टेड’ म्हणजे शब्दशः ‘जागी’. पण त्यावर इंग्रजीने क्रियापदांची मोठी उतरंड रचली. ‘फिल इन’ म्हणताना डोळ्यांसमोर रिकामी फट असते. ती कोणी बुजवली याला फारसे महत्त्व नाही. ‘स्टँड इन’ म्हणताना तिथे कोणीतरी उभे असणे हेच महत्त्वाचे, म्हणून लग्नात, समारंभात, चित्रपटाच्या सेटवर हा शब्द शोभतो. ‘स्टेप इन’मध्ये घाई आहे: ऐनवेळी कोणीतरी पुढे झाले. ‘होल्ड द फोर्ट’मध्ये किल्लेदाराची शिस्त आहे: मी येईपर्यंत सांभाळ, पण तट-बुरूज पाडून नवे बांधू नकोस. ‘कव्हर’ सर्वांत धोक्याचा. सहकाऱ्याचे काम रजेच्या काळात पाहणे हा त्याचा एक अर्थ, आणि सहकाऱ्याचे पाप झाकणे हा दुसरा. दोन्हींची वाक्यरचना एकच. ‘टेक ओव्हर’ मात्र या पंगतीत बसवू नये. तिथे मूळ माणूस परत येत नाही. रजेवर जाणाऱ्या साहेबाला ‘मी तुमचे काम टेक ओव्हर करतो’ असे कळवणारा हाताखालचा माणूस नकळत मोठी गोष्ट बोलून जातो.

या सगळ्या छटांमागे प्रश्न एकच: गेलेला परत येणार का? गंमत अशी की एकच शब्द या प्रश्नाला दोन मैदानांवर दोन उत्तरे देतो. क्रिकेटमध्ये ‘सब्स्टिट्यूट’ हा खरा रुमाल आहे. तो क्षेत्ररक्षण करतो. गोलंदाजी किंवा फलंदाजी करू शकत नाही. मूळ खेळाडू बरा झाला की मुकाट्याने बाहेर जातो. फुटबॉलमध्ये तोच शब्द उलटा चालतो. इंग्लिश लीगने १९६५-६६च्या मोसमात प्रथम एक बदली खेळाडू घ्यायला मुभा दिली तेव्हापासून नियम असा की बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही, आणि आत आलेला गोलसुद्धा मारू शकतो. म्हणून २०१९मध्ये क्रिकेटने डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी पूर्ण हक्काचा दुसरा खेळाडू घ्यायची सोय केली तेव्हा नियमावलीला ‘सब्स्टिट्यूट’ शब्द अपुरा वाटला आणि ‘रिप्लेसमेंट’ वापरावा लागला. त्या वर्षी लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, त्याने ५९ धावा केल्या आणि पुढे संघात पक्का झाला. या ‘रिप्लेस’ची कुंडलीही पाहण्यासारखी आहे. त्याचा जुना अर्थ ‘परत जागेवर ठेवणे’ असा आहे, आणि आजही पुस्तक शेल्फवर परत ठेवण्यासाठी तो चालतो. जुने परत ठेवणे आणि जुन्याच्या जागी नवे आणणे, दोन्हींना एकच शब्द! भाषेला हा फरक महत्त्वाचा वाटत नाही असे नाही. शब्दाच्या पोटात तो टिकवता येत नाही, एवढेच यावरून दिसते.

टिकत नाही याचा सर्वांत ठळक पुरावा ‘व्हिकर’. लॅटिन ‘विकारिउस’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने असणारा. ‘व्हाइस प्रेसिडेंट’, ‘व्हाइसरॉय’ यांतला ‘व्हाइस’ त्याच घरातला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचा हक्काचा धर्मगुरू म्हणजे ‘रेक्टर’; धान्याचा मोठा दशांश त्याला मिळायचा. पुष्कळ गावांचे हे रेक्टरपण मठांनी आपल्याकडे घेतले. उत्पन्न मठाकडे गेले, पण रविवारची प्रार्थना, बारसे, अंत्यविधी यांसाठी गावात कोणीतरी हवे. म्हणून मठाने आपल्या जागी एक माणूस बसवला, तोच व्हिकर. त्याच्या वाट्याला लहानसहान दशांश. मूळ मालक कधी येणारच नव्हता, तेव्हा ही बदली थोड्याच काळात कायमची झाली, इतकी की चर्चच्या कायद्यात ‘कायमचा व्हिकर’ असे पद आले. कायमचा बदली! पुढे आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४०च्या दरम्यान मठ मोडीत काढले, त्यांची उत्पन्ने जमीनदारांच्या हाती गेली, आणि ज्याच्या वतीने व्हिकर बसला होता तो मालकच नाहीसा झाला. व्हिकर राहिला. आज सामान्य इंग्रज माणसाच्या तोंडी व्हिकर म्हणजेच गावचा पाद्री. तो कोणाच्या जागी आहे हा प्रश्न त्याला सुचतही नाही. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजमार्गे आलेला ‘विगार’ हा कोकणी शब्द तोच, आणि तिथेही तो चर्चचा मुख्य धर्मगुरू. व्हिकर पक्का झाल्यावर त्याच्या मदतीला व रजेला आणखी कोणी लागलेच, म्हणून ‘क्युरेट’ आला. आणि काही काळाने इंग्लंडच्या चर्चमध्ये ‘कायमचा क्युरेट’ हेही पद झाले.

लेफ्टनंटची गोष्ट याच वळणाची. राजाचा लेफ्टनंट, कॅप्टनचा लेफ्टनंट असे म्हटले जाई तोवर मालकाचे नाव शेजारी होते. कॅप्टन पडला किंवा दूर असला की तुकडी सांभाळायची, हे त्याचे काम. कायम खडी फौज आली तसे हे काम नैमित्तिक राहिले नाही. कॅप्टन जागेवर असतानाही लेफ्टनंट रोज हवा होता. ‘कोणाचा’ हा भाग गळाला आणि हुद्दा उरला. मग त्याच्याही खाली सेकंड लेफ्टनंट. ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ तर याहून मजेचा. दिल्लीच्या किंवा पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट गव्हर्नरवर कोणी गव्हर्नर नाही, ज्याची जागा त्याने धरावी. १९८७मध्ये राज्य होईपर्यंत गोव्यालाही असाच लेफ्टनंट गव्हर्नर होता. मराठी वर्तमानपत्रे या पदाला ‘नायब राज्यपाल’ म्हणतात आणि नकळत अचूक भाषांतर करतात, कारण अरबी ‘नाइब’ म्हणजेही दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. याच ‘नाइब’चे अनेकवचन ‘नुव्वाब’, त्यावरून आपला ‘नवाब’. मोगल बादशहाचे प्रतिनिधी म्हणून बसलेले सुभेदार स्वतःच धनी झाले, आणि शब्दही धनी झाला. इंग्रजीने तो ‘नेबॉब’ करून नेला, आणि अठराव्या शतकात लंडनमध्ये नेबॉब म्हणजे हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेला कंपनीचा नोकर. १७७२मध्ये सॅम्युएल फूटने या नावाचे विनोदी नाटकही रंगमंचावर आणले. मुळात ‘दुसऱ्यांच्या जागी बसलेले’ असा अर्थ असलेल्या शब्दाने अखेर ‘कोणालाही न जुमानणारा श्रीमंत’ असा अर्थ घेतला. मराठेशाहीतही हेच दिसते. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केले. पुढे त्या पदावरच्या घराण्याचे आडनावच पंतप्रतिनिधी झाले आणि औंधचे संस्थान उभे राहिले. वतनदाराच्या वतीने काम पाहणारा ‘मुतालिक’ आज फक्त आडनावात सापडतो.

यावर भाषाशास्त्राचा जाणकार लगेच एक रास्त आक्षेप घेईल. शब्दाचा मूळ अर्थ म्हणजे त्याचा खरा अर्थ नव्हे, शब्द बदलतातच. ‘मृग’ म्हणजे एके काळी कोणताही पशू, आज हरीण. त्यावरून कोणी सिद्धांत काढत नाही. मान्य. लेफ्टनंटचा ‘खरा’ अर्थ जागा धरणारा आहे असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा बदलाच्या दिशेविषयी आहे. अर्थ सैरभैर बदलत असते तर बदली दाखवणारे काही शब्द स्वयंपाकघरात गेले असते, काही शेतात. इथे मात्र व्हिकर, लेफ्टनंट, नवाब, प्रतिनिधी हे वेगवेगळ्या भाषांतले, वेगवेगळ्या शतकांतले शब्द एकाच रस्त्याने गेले: दुसऱ्याच्या जागेवरून स्वतःच्या जागेकडे. आणि प्रत्येक वेळी वाटेत गळाले ते एकच, मालकाचे नाव.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘फिल इन’, ‘स्टँड इन’, ‘कव्हर’ ही क्रियापदे का नाही घट्ट झाली? ती तर रोज लाखो तोंडांत असतात. उत्तर त्यांच्या शेजाऱ्यात आहे. या क्रियापदांना बहुधा ‘फॉर’ लागतो आणि ‘फॉर’नंतर मालकाचे नाव. तो अमक्यासाठी उभा आहे, ती तमकीचे काम पाहते आहे. वाक्य मालकाला विसरू देत नाही. नाम झाले की ही वेसण सुटते. ‘स्टँड-इन’ हे नाम चित्रपटसृष्टीत एक धंदाच झाला: दिव्यांची मांडणी होईपर्यंत नटाच्या उंचीचा, बांध्याचा माणूस त्याच्या जागी उभा राहतो आणि या उभे राहण्याचेच वेतन घेतो. महाराष्ट्रातल्या सरकारी पत्रांत याच ‘फॉर’चे काम ‘करिता’ करते. वर साहेबाचे पदनाम, बाजूला ‘करिता’, आणि सही दुसऱ्याची. त्या तीन अक्षरांत सारा कायदा आहे. कॉलेजातली ‘प्रॉक्सी’ तर याचे टोक. ‘प्रोक्युरसी’ या भारदस्त शब्दाचा चिरडून झालेला हा आटोपशीर शब्द इंग्रजीत मुखत्याराचा, भागधारकाच्या मताचा. आपल्या पोरांनी त्याला हजेरीपटावर आणले. प्रॉक्सी मारणाऱ्याचे स्वतःचे नाव पूर्ण नाहीसे होते, फक्त मालकाचे नाव ऐकू येते, आणि म्हणूनच ती कधी कायमची होत नाही. सरांची नजर पडेपर्यंतच तिचे आयुष्य.

नाव गळाले की काय होते याचा एक खेळातला दाखला देतो. ‘पिंच हिटर’ हा बेसबॉलचा शब्द. अडचणीच्या क्षणी ठरलेल्या फलंदाजाच्या जागी जो मारायला येतो तो. ‘पिंच’ म्हणजे इथे अडचण. १ जून १९२५ला न्यूयॉर्क यांकीज संघात लू गेरिग असाच एकाच्या जागी मारायला आला, आणि दुसऱ्या दिवशी वॉली पिप या खेळाडूची पहिल्या बेसवरची जागा त्याला दिली गेली. त्या १ जूनपासून १९३९पर्यंत सलग २१३० सामन्यांत गेरिग खेळत राहिला. पिपला जागा परत मिळाली नाही, आणि अमेरिकन बोलण्यात त्याचे नाव आजही ‘एक दिवस रजा घ्याल तर असे होईल’ या अर्थाने निघते. क्रिकेटने नव्वदीच्या दशकात ‘पिंच हिटर’ शब्द उसना घेतला तेव्हा ‘कोणाच्या तरी जागी’ हा भाग बेसबॉलच्या मैदानावरच राहिला. जयसूर्या कोणाच्याही ऐवजी आलेला नव्हता, तो सलामीलाच येई. मराठी वाचकाच्या मनात पिंच हिटर म्हणजे धुलाई करणारा, बस. क्रिकेटचा स्वतःचा बदलीशब्द ‘नाइटवॉचमन’ मात्र इमानी राहिला: संध्याकाळच्या अंधूक उजेडात चांगल्या फलंदाजाची विकेट वाचवायला पाठवलेला तळाचा खेळाडू. १९७९मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध असा पाठवलेला सय्यद किरमाणी १०१ धावा करून नाबाद राहिला, आणि २००६मध्ये चितगावला जेसन गिलेस्पीने नाबाद २०१ धावा केल्या. द्विशतकानंतरही वर्तमानपत्रांनी त्याला पहारेकरीच म्हटले, कारण सकाळ कधी होणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

मालकाचे नाव पुसण्याचा क्षण इतिहासात क्वचितच इतका स्पष्ट सापडतो जितका १८४१मध्ये वॉशिंग्टनला. राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन शपथेनंतर एका महिन्यात, ४ एप्रिलला वारले. पदावर असताना वारलेले ते पहिलेच. राज्यघटनेत लिहिले होते की अशा वेळी ‘ते’ उपाध्यक्षाकडे जाईल. ‘ते’ म्हणजे काय? पद, की फक्त पदाचे अधिकार आणि कामे? एका सर्वनामावर सारे अडले. पुष्कळांच्या मते जॉन टायलर हे ‘ॲक्टिंग’ अध्यक्ष, म्हणजे जागेवरचा रुमाल. टायलर यांनी ६ एप्रिलला अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि आपण पूर्ण अध्यक्ष आहोत असा पवित्रा घेतला. विरोधकांनी त्यांना ‘अपघाती महाराज’ या अर्थाचे टोपणनाव चिकटवले. टायलर बधले नाहीत. काँग्रेसनेही त्यांना अध्यक्ष म्हणूनच संबोधले, आणि पुढे तोच पायंडा पडला. घटनेत तो लिखित व्हायला १९६७ची पंचविसावी दुरुस्ती यावी लागली. अध्यक्ष वारला तर उपाध्यक्ष अध्यक्ष ‘होतो’, आणि अध्यक्ष तात्पुरता असमर्थ असेल तर उपाध्यक्ष ‘ॲक्टिंग’ अध्यक्ष असतो, हा फरक तिथे प्रथमच शब्दांत आला. १९ नोव्हेंबर २०२१ला जो बायडन यांच्या वैद्यकीय तपासणीसाठी कमला हॅरिस ८५ मिनिटे ॲक्टिंग अध्यक्ष होत्या. परतीचे पत्र आले आणि रुमाल उचलला गेला. आपल्या घटनाकारांनी नेमकी उलट बाजू निवडली. भारतात राष्ट्रपती वारले तरी उपराष्ट्रपती राष्ट्रपती होत नाहीत, निवडणुकीपर्यंत फक्त राष्ट्रपती ‘म्हणून काम’ करतात. १९६९च्या मे महिन्यात झाकिर हुसेन गेले आणि व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. जुलैत गिरींनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी महिनाभराहून थोडे अधिक काळ राष्ट्रपती म्हणून काम केले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेला हा माणूस अशा रीतीने बदलीचा बदली झाला, आणि ऑगस्टमध्ये परत आपल्या खुर्चीवर गेला.

एकाच शब्दाच्या दोन गती पाहायच्या तर ‘प्रो टेम्पोर’ घ्यावा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सध्यापुरता’. आपल्याकडे निवडणुकीनंतर नव्या आमदारांना शपथ द्यायला प्रो टेम अध्यक्ष नेमतात, मराठीत हंगामी अध्यक्ष. नवा अध्यक्ष निवडला की काही दिवसांत त्याचे काम संपते. अमेरिकेच्या सिनेटमध्येही सुरुवातीला असेच होते. उपाध्यक्ष गैरहजर असला की तेवढ्यापुरता एकजण निवडायचा, तो आला की संपले. १८९०मध्ये सिनेटने ठरवले की एकदा निवडलेला प्रो टेम्पोर सिनेट दुसरे काही ठरवेपर्यंत पदावर राहील. तेव्हापासून ‘सध्यापुरते’ अध्यक्ष वर्षानुवर्षे असतात, आणि १९४७च्या कायद्याने अध्यक्षपदाच्या वारसाक्रमात त्यांचा तिसरा क्रमांक आहे. शब्द तोच, मूळ तेच. इथे शेवट ठरलेला होता, तिथे काढून टाकला गेला.

आता सुरुवातीच्या त्या भावंडांकडे परतता येईल. लेफ्टनंट घट्ट झाला आणि लोकम का नाही? लोकमलाही ‘फॉर’ गाळून वापरता येते. ‘तो लोकम आहे’ एवढे म्हणणे पुरते. मग मालकाचे नाव गळण्याचा माझा सिद्धांत इथे अडतो, हे कबूल केले पाहिजे. फरक व्याकरणात सापडत नाही, हिशेबात सापडतो. लेफ्टनंटला पगार राजा देई, आणि राजाला तो कायम हवा होता. लोकमला मोबदला दिवसांवर मिळतो. दवाखाना, पेशंटांची नावे, दारावरची पाटी सगळे दुसऱ्याचे. लोकम कायम झाला तर मूळ डॉक्टरचे नुकसान, आणि लोकमला स्वतःलाही पुष्कळदा ही मोकळीक हवी असते. त्याला तात्पुरते ठेवण्यात दोघांचा फायदा आहे, म्हणून शब्द तात्पुरता राहिला. टायलर यांचा फायदा ‘ॲक्टिंग’ शब्द पुसण्यात होता, त्यांनी पुसला. जिथे जागा धरणाऱ्याच्या हाती सत्ता असते तिथे तो शब्दाला वर ओढून नेतो. जिथे सत्ता जागा देणाऱ्याच्या हाती असते तिथे माणूस वर्षानुवर्षे राहिला तरी शब्दाला खालीच डांबून ठेवता येते.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईचा आहे, आणि तो इंग्रजीत गेलेला आपला शब्द आहे. कापडगिरण्यांच्या दारावर सकाळी कामाच्या आशेने उभा राहणारा ‘बदली’ कामगार: कोणी गैरहजर असेल तर साचा मिळेल, नाही तर परत खोलीवर. कायम कामगार कोणत्या दिवशी खाडा करणार हे आधी कळत नसे; म्हणून बदलीच्या शेजारी ठरावीक मालकाचे नावही नसे. रोजचा मालक वेगळा. माझ्या पहिल्या तर्काने पाहिले तर हा शब्द कधीच पक्का हुद्दा व्हायला हवा होता, कारण नाव गळालेलेच होते आणि पुष्कळ बदली वर्षानुवर्षे त्याच गिरणीत होते. झाले उलटेच. माणसे मुरली, शब्द मात्र कच्चा राहिला, कारण तो कच्चा ठेवण्यात गिरणीमालकाची सोय होती. बदलींना कायम करावे ही १९८२च्या गिरणी संपाच्या मागण्यांतली एक होती, यावरून त्या तीन अक्षरी पदवीचा ‘कायम’शी किती अंतराचा संबंध होता ते दिसते. हा शब्द इंग्रजी कायद्यात जसाच्या तसा बसला आहे. २०२५पर्यंत चाललेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे घातलेल्या कलम २५-सीमध्ये ‘बदली वर्कमन’ची व्याख्या होती: ज्याचे नाव मस्टरवर आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला. संसदेला ‘सब्स्टिट्यूट’ हा शब्द माहीत नव्हता असे थोडेच आहे. पण या माणसाची नेमकी अवस्था कोणत्याही इंग्रजी शब्दात नव्हती.

व्याख्येचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा. एक वर्ष सलग सेवा झाली की तो ले-ऑफच्या भरपाईसाठी बदली मानला जाणार नाही, असे तो कायदा म्हणे. म्हणजे कायद्याने शब्दावर भरवसा ठेवला नाही, आकडा लावला. अमेरिकेने १९९८च्या कायद्यात असेच केले. सिनेटची संमती लागणाऱ्या पदावर ‘ॲक्टिंग’ अधिकारी सर्वसाधारणपणे २१० दिवसांपर्यंतच राहावा, अशी मर्यादा घातली. ती घालावी लागली, कारण वरच्या पदांवरही कधी कधी ‘तात्पुरता’ हाच सोयीचा ठरतो: संमतीसाठी सिनेटसमोर जावे लागत नाही आणि काढायलाही सोपा. ‘ॲक्टिंग’ मंत्री आपल्याला आवडतात, त्यात अधिक मोकळीक मिळते, असे डोनाल्ड ट्रम्प २०१९मध्ये उघडपणे म्हणाले होते. टायलर यांनी पुसलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी त्याच घरात मुद्दाम राखला गेला, कारण या वेळी तो राखण्यात खुर्ची देणाऱ्याचा लाभ होता.

आपल्या कायद्याचा आकडा २४० आहे. त्या जुन्या कायद्याच्या कलम २५-बीप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्षभराची सलग सेवा धरली जाई. हा आकडा कामगारांना पाठ असतो, आणि मालकांना त्याहून अधिक. म्हणून ‘ब्रेक देणे’ हा शब्दप्रयोग आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत रुजला. त्यात इंग्रजी विश्रांतीचा अर्थ मुळीच नाही. २४० भरायच्या थोडे आधी हजेरी थांबवायची, काही दिवस जाऊ द्यायचे, आणि मग नवा कागद करून तोच माणूस त्याच यंत्रावर पुन्हा उभा करायचा, पहिल्या दिवसापासून.